काजूची बाग आणि विद्वानांचा वाद

आमच्या रत्नागिरीप्रमाणेंच केरळांतील कासरगोड जिल्हा काजूबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील सरकारी बागांवर २००० सालापर्यंत वीसांहून अधिक वर्षें हेलिकॉप्टरांतून एंडोसल्फान हें कीटकनाशक फवारलें गेलें. आसपास जन्मतःच व्यंग असलेलीं अनेक बालकें आढळलीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें फवारणीकडे बोट दाखविलें. सरकारी समितीस मात्र संबंध सिद्ध झालेला दिसला नाहीं. वाद मिटण्यापूर्वींच २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर बंदी घातली, हें योग्यच झालें. वाद हा शास्त्राचा प्राण होय. परंतु तो मिटेपर्यंत उदरांतील बाळानें विष सोसावें, हा न्याय नव्हे. आज बागांत दुसरीं औषधें आलीं आहेत. म्हणून बागाईतदार पालकांस आमची विनंती इतकीच, कीं फवारणीच्या दिवशीं गर्भवती स्त्रियांस बागेपासून दूर ठेवावें व घरची विहीर झांकावी.