तुमच्या रिचार्जमधून गावच्या इंटरनेटसाठी पैसे जातात, मग ते इंटरनेट घरात का येत नाही?

समजा, तुम्ही ३०० रुपयांचं रिचार्ज मारलं. त्यातले साधारण ४६ रुपये जीएसटीचे. उरलेल्या कमाईवर मोबाइल कंपनी सरकारला ८ टक्के परवाना शुल्क देते आणि या ८ पैकी ५ टक्के एका खास निधीत जमा होतात. म्हणजे ढोबळ हिशोबाने तुमच्या रिचार्जमधले १२ रुपयांच्या आसपास त्या निधीत गेले. कोट्यवधी ग्राहक, दर महिन्याला. हा निधी कशासाठी? जिथे कंपन्यांना धंदा परवडत नाही, तिथे फोन आणि इंटरनेट पोहोचवण्यासाठी.

याच पैशांतून देशातली सगळ्यात मोठी ग्रामीण इंटरनेट योजना उभी राहिली. तिचं नाव भारतनेट. योजना मंजूर होऊन १४ वर्षं उलटून गेली. तरी आजही ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड करायला शेतकरी रेंज शोधत बांधावर फिरतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपी यावा म्हणून बायका गावाबाहेरच्या टेकाडावर जातात. मग पैसे गेले कुठे? आणि अडलं कुठे? एकेक करून बघू.

आधी हा निधी समजून घ्या

२००२ मध्ये केंद्र सरकारने 'युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड' सुरू केला. साधा विचार असा की, शहरात एका किलोमीटर केबलवर शेकडो ग्राहक मिळतात. मेळघाटात किंवा धडगावात तीच केबल दहा किलोमीटर टाकून दहा ग्राहक मिळतात. कुठलीही खासगी कंपनी तिथे स्वतःहून जाणार नाही. म्हणून सगळ्या कंपन्यांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि अशा भागांसाठी अनुदान द्यायचं.

२०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात या निधीचं नाव बदलून 'डिजिटल भारत निधी' करण्यात आलं. नाव बदललं, पैसे येण्याचा रस्ता तोच राहिला.

भारतनेटची गोष्ट : मुदतवाढीची गोष्ट

ऑक्टोबर २०११ मध्ये तेव्हाच्या यूपीए सरकारने 'नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क' मंजूर केलं. अंदाजे खर्च २० हजार कोटी. जवळपास अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, प्रत्येकीला १०० एमबीपीएसचा वेग द्यायचा आणि हे सगळं दोन वर्षांत. २०१२ मध्ये त्यासाठी 'भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड' ही वेगळी सरकारी कंपनीही काढली.

दोन वर्षांत काम झालं नाही. २०१५ मध्ये मोदी सरकारने योजनेला भारतनेट हे नाव दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये पहिला टप्पा, म्हणजे एक लाख ग्रामपंचायती, पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच, २०१७ च्या जुलैमध्ये, एकूण खर्चाचा आकडा ४२,०६८ कोटींवर गेला होता.

१५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली की, पुढच्या १००० दिवसांत देशातल्या सहा लाखांहून जास्त गावांत ऑप्टिकल फायबर पोहोचेल. ते १००० दिवस मे २०२३ मध्ये संपले.

मधल्या काळात सरकारने खासगी कंपन्यांना सोबत घेऊन बघितलं. जून २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी १९,०४१ कोटींचं अनुदान मंजूर झालं. कंपन्यांनी फायबर टाकायचं, चालवायचं आणि तोटा सरकारने भरून द्यायचा, अशी ती आखणी होती. कंपन्याच पुढे आल्या नाहीत आणि निविदा गुंडाळावी लागली. अनुदान देऊनही धंदा परवडेल यावर त्यांचा विश्वास बसला नाही. २०२२ मध्ये भारत ब्रॉडबँड ही कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला.

आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आला सगळ्यात मोठा आकडा. 'सुधारित भारतनेट कार्यक्रम', मंजूर रक्कम १,३९,५७९ कोटी रुपये. २.६४ लाख ग्रामपंचायतींनी भागलं तर एका ग्रामपंचायतीमागे जवळपास ५३ लाख रुपये होतात. अर्थात, यात १० वर्षांची देखभाल आणि ग्रामपंचायत नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी देण्याचा खर्चही आहे.

'कनेक्टेड' म्हणजे नक्की काय?

खरा घोळ इथे आहे.

२०२५ च्या सुरुवातीच्या सरकारी आकडेवारीनुसार २.१४ लाखांहून जास्त ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' होत्या. सुमारे ६.९ लाख किलोमीटर केबल टाकून झाली होती. वाचायला भारी वाटतं आणि हे काम खरंच मोठं आहे. पण त्याच आकडेवारीतली दुसरी ओळ बघा. भारतनेटवरून घरांना आणि संस्थांना दिलेल्या फायबर जोडण्या होत्या साधारण १२.२ लाख.

भागाकार करा. एका 'सज्ज' ग्रामपंचायतीमागे सहाही जोडण्या नाहीत.

गावात शाळा आहे, आरोग्य उपकेंद्र आहे, अंगणवाडी आहे, तलाठ्याचं ऑफिस आहे, सेवा केंद्र आहे. एवढ्यांनाच एकेक जोडणी दिली तरी आकडा संपला. मग घरांचं काय?

कारण भारतनेट मुळात घरापर्यंत जाण्यासाठी आखलंच नव्हतं. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणायचं आणि तिथे थांबायचं. पुढे गावात जोडण्या देण्याचं काम केबलवाले, इंटरनेट कंपन्या किंवा बीएसएनएल करतील, असं गृहीत धरलं होतं. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर धरणापासून गावच्या टाकीपर्यंत पाइप टाकला, पण टाकीपासून नळ कोण देणार हे ठरलंच नाही.

फायबर आलं, पण चालत का नाही?

यामागे चार मोठी कारणं आहेत.

एक, नेटवर्कची रचना. सुरुवातीच्या आखणीत तालुक्यापासून निघालेली केबल सरळ रेषेत एका गावातून दुसऱ्या गावात जायची. मध्ये कुठे तुटली की पुढची सगळी गावं बंद. आता नव्या योजनेत 'रिंग' पद्धत आणली जातेय. त्यात एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने डेटा फिरतो.

दोन, जुनी केबल. खर्च वाचवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी बीएसएनएलच्या आधीच्या फायबरचा वापर झाला आणि फक्त शेवटचा तुकडा नवा टाकला. पण साखळी कच्च्या कडीपाशीच तुटते.

तीन, खोदकाम. रस्ता रुंदीकरण, पाण्याची लाइन, गटार. एका खात्याची जेसीबी दुसऱ्या खात्याची केबल तोडते. दुरुस्ती कोणी करायची यावर कागद फिरत राहतात.

चार, वीज आणि माणूस. ग्रामपंचायतीतल्या यंत्राला चोवीस तास वीज लागते. वीज गेली, बॅटरी संपली की इंटरनेट बंद. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागलं की आत जाऊन बघणारंही कोणी नसतं.

यातल्या बहुतेक गोष्टी तंत्रज्ञानाच्या नाहीत, देखभालीच्या आहेत. केबल टाकल्याचा फोटो निघतो, उद्घाटन होतं. तीच केबल पाच वर्षं चालू ठेवल्याचं उद्घाटन होत नाही.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पहिल्या टप्प्यातलं काम केंद्राच्या यंत्रणेने केलं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'आम्हीच करतो' असं म्हणत महानेट प्रकल्प हाती घेतला. महाआयटी या राज्याच्या कंपनीकडे साडेबारा हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आल्या. म्हणजे एकाच राज्यात शेजारच्या दोन तालुक्यांत दोन वेगळ्या यंत्रणांचं जाळं असू शकतं. सरपंचाने तक्रार कुणाकडे करायची, हे समजायलाच वेळ जातो.

डिजिटल गाव म्हटलं की आपल्याला मेळघाटातलं हरिसाल आठवतं. अमरावती जिल्ह्यातल्या या गावाचं २०१६ मध्ये 'देशातलं पहिलं डिजिटल गाव' म्हणून कौतुक झालं. मायक्रोसॉफ्टही सोबत होती. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभेत व्हिडिओ लावून हा दावा खोटा असल्याचं म्हटलं. सरकारने ते आरोप फेटाळले. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतोच. गाव 'डिजिटल' झालं हे ठरवायचं कशावरून? उद्घाटनाच्या दिवशी काय होतं त्यावरून, की तीन वर्षांनी काय चालू आहे त्यावरून?

जिओ आहे की, फायबर कशाला?

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. गावातले बहुतेक लोक इंटरनेट वापरतात ते मोबाइलवरच. पण मोबाइल टॉवरलाही मागून डेटा लागतो. टॉवरपर्यंत फायबर नसेल तर रेंजच्या चार काड्या दिसतात आणि व्हिडिओ फिरतच राहतो. शिवाय शाळेतली डिजिटल वर्गखोली, आरोग्य केंद्रातला ऑनलाइन सल्ला, सेवा केंद्रातली वीस जणांची रांग, हे सगळं एका सिमकार्डावर चालत नाही.

मग सॅटेलाइट? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांवर त्यात भर आहे. डोंगराआडच्या पाड्यांसाठी हा पर्याय खरंच कामाचा ठरू शकतो. पण यंत्राची किंमत आणि महिन्याचं बिल कोण भरणार, हे ठरल्याशिवाय तोही कागदावरच राहील.

अडचण फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात ग्रामीण इंटरनेटसाठी ४२ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ठेवली. २०२४ संपेपर्यंत त्यातून एकाही घराला जोडणी मिळाली नव्हती. नकाशे, अर्ज आणि मंजुऱ्यांतच तीन वर्षं गेली. पुढे २०२५ मध्ये नियम बदलून फायबरला दिलेलं प्राधान्यही काढलं गेलं.

मग अनुदान बंद करायचं का?

नाही. खासगी कंपन्या तोट्यात केबल टाकणार नाहीत, हे २०२१ च्या निविदेने दाखवून दिलंय. एसटी तोट्यातल्या मार्गावरही जाते, कारण त्या गावातल्या मुलीला कॉलेजला जायचं असतं. इंटरनेटचंही आता तसंच आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, रेशनची पडताळणी, सातबारा, सगळं ऑनलाइन केल्यावर जोडणी नसणं म्हणजे हक्कच नसणं.

प्रश्न अनुदान कशासाठी द्यायचं हा आहे. आतापर्यंत केबलचे किलोमीटर मोजले गेले. सुधारित योजनेत १० वर्षांची देखभाल ठेकेदारावर टाकलीय आणि ठरलेल्या दर्जाची सेवा दिली तरच पैसे, अशी तरतूद केलीय. १.५ कोटी ग्रामीण घरांना फायबर देण्याचं लक्ष्यही आहे. कागदावर हा बदल योग्य दिशेचा आहे. तो खरा ठरतोय का, हे दिल्लीतून नाही, गावातूनच कळेल.

तुम्ही काय करू शकता?

पुढच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेट किंवा महानेटचं यंत्र आहे का? गेल्या महिन्यात ते किती दिवस चालू होतं? शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्राला त्यावरून जोडणी दिलीय का? बंद पडलं तर तक्रार कोणाकडे केली आणि त्याची पोच कुठे आहे?

उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. नाहीच मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्या यंत्रासाठी दर महिन्याला तुमच्या रिचार्जमधूनही पैसे जातायत. हिशोब मागायचा हक्क तुमचा आहे.