भेट एकदांची, भार दरमहाचा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, दिवाळी आली, नाताळ किंवा ईद जवळ आली, म्हणजे घरच्या माणसांस कांहीं भेट द्यावी असें ज्याच्या त्याच्या मनांत येतें; व हें स्वाभाविकच आहे. पूर्वीं अशा प्रसंगीं मनगटी घड्याळ, शाईचा पेन, फार झालें तर सायकल देत असत. सांप्रत ह्या सर्वांची जागा एकाच वस्तूनें घेतली आहे. कागदोपत्रीं तिला भ्रमणध्वनी म्हणतात. लोकांच्या तोंडीं ती मोबाईल किंवा नुसता फोन. परभणी जिल्ह्यांतील आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं ही वस्तु पुष्कळदां भेट म्हणून येते, आणि ती निवडतांना जो विचार व्हावयास पाहिजे तो क्वचितच होतो. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घड्याळास किल्ली दिली कीं तें चालतें. सायकलीस थोडें तेल व कधींमधीं पंक्चर, एवढाच खर्च. मोबाईल मात्र गाईबैलांच्या जातीचा आहे. दावणीला बैल बांधला म्हणजे कडब्याची सोय करावी लागते. घरांत मोबाईल आला म्हणजे रिचार्जची. बैल देणारा सोयरा "वैरणीचें तुमचें तुम्ही पाहा" असें म्हणून निघून गेला, तर त्यानें उपकार केला कीं ओझें घातलें, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्यास मोबाईल भेट द्यावयाचा असेल त्यानें त्याबरोबर निदान एका वर्षाचा रिचार्ज द्यावा. आणि दोन्ही मिळून खिशास झेपत नसेल, तर फोन हलक्या किंमतीचा घ्यावा, पण रिचार्ज सोडूं नये.

हा भार पूर्वीं ह्याच स्वरूपाचा नव्हता. भारतांतील पहिलें मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योति बसू हे दिल्लीस दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. त्या काळीं बोलणाऱ्यास पैसे पडत, तसेच ऐकणाऱ्यासही पडत. २००३ सालीं येणारा फोन फुकट झाला. त्यानंतर पुष्कळ वर्षें अशीं गेलीं कीं, खात्यांत दहावीस रुपये असले तरी गरिबाचा फोन वाजत राही, आणि 'मिस्ड कॉल' देणें ही एक भाषाच होऊन बसली होती. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ कंपनी बाजारांत उतरली व इंटरनेट स्वस्त झालें. परंतु २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनीं किमान रिचार्जची अट घातली, आणि नुसतें ऐकण्यासाठीं फोन बाळगण्याचे दिवस संपले. पुढें जुलै २०२४ मध्यें दर चढले. एअरटेलचा २८ दिवसांचा लहान पॅक १७९ चा १९९ रुपये झाला. रोज दीड जीबी इंटरनेट देणारा जिओचा पॅक २३९ चा २९९ झाला.

रिचार्ज संपला तर काय होतें, तेंही ध्यानांत घ्यावें. प्रथम जाणारे फोन बंद होतात, मग येणारे, आणि बरेच दिवस तसेच गेले तर क्रमांकच हातचा जाऊन कालांतरानें दुसऱ्यास मिळतो. आज बँकेचा निरोप त्या क्रमांकावर येतो, आधारचा ओटीपी त्यावरच येतो. सप्टेंबर २०२५ मध्यें 'लाडकी बहीण' योजनेसाठीं ई-केवायसी आवश्यक ठरली, तेव्हां आधारशीं जोडलेला क्रमांक चालू आहे कीं नाहीं हा प्रश्न खेड्यापाड्यांतील असंख्य स्त्रियांपुढें उभा राहिला. तेव्हां रिचार्ज ही चैन आहे असें आतां कोणींही म्हणूं नये.

आतां थोडा हिशेब. कंपन्यांचा महिना बहुधा २८ दिवसांचा असतो. २८ ला १३ नें गुणिलें म्हणजे ३६४ होतात. अर्थात् वर्षांत बारा वेळां नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. २९९ रुपयांप्रमाणें ही रक्कम ३,८८७ होते, आणि तीन वर्षांची ११,६६१. फोन आठ हजारांचा असेल, तर बैलाहून वैरण महाग झाली! भेट देणारा मात्र दुकानांत उभा राहून आठ हजारांचीच घासाघीस करीत असतो.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. जुलै २०२४ च्या त्याच दरपत्रकांत जिओचा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक ७९९ रुपयांस होता. असे चार पॅक म्हणजे ३३६ दिवस, किंमत ३,१९६. तेवढ्याच ३३६ दिवसांसाठीं २८ दिवसांचे बारा पॅक घेतले तर ३,५८८ पडतात. वस्तु तीच, दिवस तेच, आणि फरक ३९२ रुपयांचा. हा फरक कोण भरतो? ज्याच्या गांठीं एकदम आठशें रुपये नसतात तो. किराणा दुकानांतून रोज थोडें थोडें तेल नेणाऱ्यास डबा घेणाऱ्याहून तें महाग पडतें, तोच हा न्याय. मोलमजुरी करणाऱ्या घरास एकरकमी पैसा जमत नाहीं. पण भेट देणाऱ्याच्या हातांत त्या दिवशीं एकरकमी पैसा असतो. तेव्हां त्या घरास स्वतः होऊन जें साधत नाहीं, तेंच नेमकें देणाऱ्यास साधण्यासारखें आहे. दर पुढें बदलतील. हिशेबाची ही रीत बदलणार नाहीं.

आतां भेट कोणास, तें पाहूं. आमच्या जिल्ह्यांत गंगाखेडसारख्या भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. कित्येक मुलें शाळेसाठीं आजीपाशीं मागें राहतात. अशा घरीं मोठ्या पडद्याच्या फोनाची गरज नसते. आईचा आवाज रोज संध्याकाळीं ऐकूं यावा, ही असते. आजीच्या हातीं बटणांचा साधा फोन द्यावा. त्याची बॅटरी दिवसेंदिवस टिकते, आणि तो पडला तरी सहसा फुटत नाहीं. मात्र त्यांत कोणतें सिम चालणार हें आधीं विचारावें; जिओचें सिम जुन्या टू-जी फोनांत चालत नाहीं. अशा लोकांसाठीं एक चांगली गोष्ट झाली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, डिसेंबर २०२४ मध्यें असा नियम केला कीं, ज्यांस इंटरनेट नको त्यांच्यासाठीं केवळ बोलण्याचे व एसएमएसचे पॅक कंपन्यांनीं ठेवावे. त्याप्रमाणें जानेवारी २०२५ मध्यें एअरटेलनें असा ३६५ दिवसांचा पॅक १,८४९ रुपयांस ठेविला. १९९ रुपये तेरा वेळां भरले तर २,५८७ होतात. म्हणजे वर्षास ७३८ रुपये वांचले, आणि ओटीपीही येत राहिला. हे पॅक दुकानदार आपण होऊन दाखवीलच असें नाहीं. मागून घ्यावे.

शेतकरी बापास किंवा चुलत्यास द्यावयाचा फोन निराळा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, छायाचित्र काढून करावयाची असते. ह्यासाठीं स्मार्टफोनच लागतो, आणि त्याचा कॅमेरा व स्थळ दाखविण्याची सोय नीट चालावी लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें 'दामिनी' अ‍ॅप विजेची सूचना देतें. मराठवाड्यांत वळवाच्या पावसांत झाडाखालीं उभ्या राहणाऱ्या माणसास तिचें मोल काय, तें आम्ही सांगावयास नको. येथें मोठी बॅटरी आणि उन्हांत दिसणारा पडदा पाहावा. चार चार कॅमेऱ्यांस भुलूं नये.

तिसरी व्यक्ति म्हणजे दहावी उत्तीर्ण होऊन जिंतूर, सेलू किंवा पाथरीहून परभणीस शिकावयास येणारी मुलगी. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या नांवें सिम मिळत नाहीं. तें आईच्या किंवा वडिलांच्या नांवें घ्यावें लागतें. इतपत ठीक. परंतु पुष्कळ घरीं असें होतें कीं भेट मुलीच्या नांवाची, आणि फोन भावाच्या खिशांत. तिला तो रात्रीं नऊनंतर अभ्यासापुरता मिळतो, व तोंवर दिवसाचें इंटरनेट संपलेलें असतें. कोठें ह्याच्या उलट, फोन तिचाच असतो पण रिचार्ज संपलेला, आणि मग तिला कोणाच्या तरी हॉटस्पॉटसाठीं हात पसरावा लागतो. ह्या परावलंबनाचा संकोच मुलींस किती होतो हें शिक्षकांस ठाऊक आहे. मामानें किंवा आत्यानें मुलीस फोन द्यावयाचा तर सर्वांसमक्ष तिच्या हातीं द्यावा, आणि वर्षाचा रिचार्ज तिच्याच क्रमांकावर टाकावा. दहावीच्या आंतील मुलांस मात्र स्वतंत्र फोन देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांस घरचा फोन पुरे.

निवडीसंबंधीं आणखी थोडें. परभणीच्या दुकानांत रेंज कोणती येते ह्यास कांहीं अर्थ नाहीं. जेथें तो फोन राहणार त्या गांवीं, त्या घरांत, कोणत्या कंपनीची रेंज येते तें पाहावें. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन पाहिले तरी समजतें. क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. १९०० ह्या क्रमांकावर संदेश पाठवून ती घेतां येते. जुना फोन घेत असाल, तर त्यावर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा, आणि 'संचार साथी' वर तो चोरीचा किंवा बंद केलेला नाहीं ना, ह्याची खात्री करावी. पक्की पावती घ्यावी. फोन बिघडल्यास दुरुस्ती परभणींतच होईल कीं नांदेडास खेपा घालाव्या लागतील, हेंही त्याच वेळीं विचारावें.

हप्त्यावर भेट घेऊं नये. इंग्लंड-अमेरिकेंत फोन आणि मासिक करार एकत्र विकण्याची चाल आहे; आपल्याकडे ती रुजली नाहीं. २००३ च्या पावसाळ्यांत रिलायन्सनें ५०१ रुपये भरून फोन व बाकीचें दरमहा अशी योजना काढली होती. लोकांच्या झुंबडी उडाल्या, आणि मागाहून पुष्कळांचीं बिलें थकलीं. आतां 'बिनव्याजी हप्ता' अशा पाट्या दिसतात. रिझर्व्ह बँकेनें २०१३ मध्येंच बँकांस बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तु मुळांत अस्तित्वांतच नाहीं. तें व्याज दुसऱ्या कोठल्या तरी रूपानें ग्राहकाकडूनच घेतलें जातें. जी भेट देतांना आपण ऋणको होतों, ती न दिलेली बरी.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, भेटीचा असा आणेपैचा हिशेब करणें कोतेपणाचें आहे. प्रेमानें द्यावें, पुढचें ज्याचें त्यानें पाहावें. आमच्या मतें हिशेब करावा लागतो तो देणाऱ्यानेंच. कारण त्यानें तो केला नाहीं, तर घेणाऱ्यास दर अठ्ठाविसाव्या दिवशीं करावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्षाचे पैसे आधींच भरले, आणि त्या कंपनीची रेंज बिघडली किंवा फोन हरवला, तर? फोन हरवला तरी रिचार्ज क्रमांकावर असतो. नवें सिम घेतलें कीं तो चालूं लागतो. रेंजचा धोका मात्र खरा आहे. जेथें खात्री नसेल तेथें प्रथम ८४ दिवसांचाच पॅक द्यावा, आणि उरलेले पैसे पुढच्या रिचार्जसाठीं म्हणून बाजूस ठेवावे. तिसरा आक्षेप असा कीं, ह्यामुळें घेणारा आळशी होईल. एक वर्षाची वैरण मिळाल्यानें कोणी शेतकरी आळशी झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पहिलें वर्ष सुखाचें गेलें, तर दुसऱ्या वर्षाची तजवीज करावयास त्यास अवधि मिळतो, एवढेंच.

तेव्हां वाचकांस आमची विनंति अशी आहे कीं, येत्या सणास दुकानांत शिरण्यापूर्वीं एका कागदावर दोन रकमा मांडाव्या, एक फोनाची व एक वर्षाच्या रिचार्जची, आणि त्यांची बेरीज आपल्या ऐपतींत बसेल असाच फोन निवडावा. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब घरीं आपल्या वडील माणसांस करून दाखवावा. गुणाकार व बेरीज ह्यांपलीकडे त्यांत कांहीं नाहीं, आणि तो त्यांस येतो.