गाडी जरा थांबवा की!

मे महिन्यात भायखळ्याहून गावाला निघालेली गाडी फक्त वडापाव आणि डिझेलसाठीच का थांबावी? साताऱ्याकडे जाताना सुरूरला वळा, वाई ओलांडून मेणवली गाठा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर, छोट्याशा देवळात, चक्क १७०७ सालची पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. धड्यातली लढाई मुलांना इथे डोळ्यांनी दिसते. ‘उशीर होतोय’ हे बाबांचं पेटंट वाक्य मला पटत नाही. दीड तासाने काय बिघडतं?

आणि घराजवळचं? राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. आपल्यापैकी किती जणांनी तो मुलांना दाखवलाय?