गुळवेलीचा उरलेला तुकडा फेकू नका

करोनाच्या काळात सोलापुरात कुणाच्या कुंपणावर गुळवेल आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचे. तुकडा ठेचायचा, उकळायचा आणि घरातल्या सगळ्यांनी प्यायचा. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून!

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना यकृताला इजा झालेले 6 रुग्ण आढळले. सगळे गुळवेल घेत होते. त्यांतला एक दगावला. 2021 मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जुलैत आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीतले घटक तपासलेच नाहीत, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे.

हा मुद्दा खोटा नाही. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. टिनोस्पोरा क्रिस्पा तिच्याच कुळातली. पानेही तशीच, पण खोडावर बारीक गाठी असतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येतो. वाळवून चूर्ण केले की नुसत्या डोळ्यांनी कोण ओळखणार? तिथे प्रयोगशाळाच लागते. अर्क काढून बर्बेरिन, मॅग्नोफ्लोरिन, टिनोस्पोरासाइड असे घटक वेगळे करतात, कोणता किती ते मोजतात. शिसे किंवा कीटकनाशक मिसळले असेल तर तेही वेगळ्या चाचणीत कळते.

पण ही तपासणी माणूस आजारी पडल्यावर त्याच्या डॉक्टरनेच करायची का? ‘प्या’ म्हणून सांगणाऱ्यांनी आधी का नाही? जुन्या ग्रंथातल्या औषधाला परवाना घेताना सहसा सुरक्षिततेचा अभ्यास मागत नाहीत, आणि बाजारातल्या सुट्या पुडीला तर कुणी विचारतच नाही. पुडीवर वनस्पतीचे पूर्ण नाव आणि तपासणीचा दाखला हवाच, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

2022 मध्ये 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. या वेळी मिळालेले नमुने रासायनिक तपासणीला गेले. यकृताचा जुना आजार असलेल्यांचा त्रास अचानक वाढलेला दिसला, तेच रुग्ण सर्वांत जास्त. म्हणजे वेल अस्सल निघाली तरी ती प्रत्येकाला सोसेलच असे नाही. रासायनिक तपासणी वनस्पतीची ओळख सांगते, तुमच्या यकृताची नाही.

म्हणून ताई-दादांनो, काढा चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली, तर काढा थांबवा आणि लगेच सिव्हिल गाठा. जाताना उरलेला तुकडा, पुडी, डबी, जे असेल ते पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

आणि माझ्या नर्स भगिनींनो, केस पेपर लिहिताना गोळ्या विचारता तसे “घरचं काय घेता?” हेही विचारा. हसून विचारा, म्हणजे बाई खरे सांगते.