दात साफ केल्याने हलत नाहीत, साफ न केल्याने हलतात

"डॉक्टर, गोळ्या लिहून द्या, पण दात साफ करू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी साफ करून घेतले आणि त्यांचे दात हलायला लागले!" खुर्चीत बसता बसताच असं बजावणारे पेशंट मला नेहमी भेटतात. आज मी स्पष्टच सांगणार आहे: या एका गैरसमजापायी अनेकजण वाचू शकणारे दात गमावतात.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. बारीक तंतूंनी तो जबड्याच्या हाडाला बांधलेला असतो आणि वरून हिरडीचं आवरण असतं. रोज नीट न घासल्यास दातावर जंतूंचा चिकट थर बसतो. तो कडक झाला की त्याचं किटण होतं. किटण ब्रशने निघत नाही, मंजनाने नाही आणि मीठ-लिंबानेही नाही. त्यावरच्या जंतूंमुळे हिरडी सुजते, रक्त येतं, हिरडी दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजू लागतं. यालाच लोक पायरिया म्हणतात. हे सगळं वर्षानुवर्षं, बहुतेकदा न दुखता चालतं. म्हणूनच तुम्ही येत नाही.

मग काकूंचे दात का हलले? हाड आधीच गेलं होतं. किटणाच्या जाड थराने शेजारचे दात एकमेकांना चिकटून धरले होते. तो थर काढल्यावर खरी परिस्थिती दिसली. फटी उघड्या पडल्या, काही दिवस थंड पाणी झोंबलं आणि दोष आला साफ करणाऱ्यावर. उलट हिरडीची सूज उतरली की थोडे हलणारे दात पुष्कळदा आधीपेक्षा घट्ट होतात. पण हे काम सुरू करण्याआधी पेशंटला समजावून सांगायला हवं. आम्ही ते सांगत नाही, ही आमची चूक.

दुसरी पळवाट म्हणजे "आता वय झालं". वय हे कारण नाही. वर्षानुवर्षं साचलेलं दुर्लक्ष हे कारण आहे. त्याला मधुमेहाची जोड मिळाली की हाड भराभर झिजतं. हिरड्यांचा संसर्गही साखर आटोक्यात येऊ देत नाही. तंबाखू, सिगारेट आणि आपल्या घराघरांत "दात घट्ट राहतात" म्हणून लावली जाणारी मिश्री हे तर उघड शत्रू. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं आणि आत नुकसान चालूच राहतं.

प्रत्येक हलणारा दात पायरियाचाच असतो असंही नाही. मार लागणं, रात्री दात खाणं, उंच झालेलं फिलिंग किंवा कॅप यांनीही दात हलतो. गरोदरपणात थोडा हललेला दात बाळंतपणानंतर बहुधा सावरतो. पण तंबाखू खाणाऱ्याचा एखादाच दात अचानक हलू लागला आणि शेजारी दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर एक दिवसही थांबू नका. तो कॅन्सर असू शकतो.

आता माझ्याच व्यवसायाकडे वळतो. "हलतोय ना? काढून टाका, इम्प्लांट बसवू." हे वाक्य पहिल्याच भेटीत ऐकलंत, तर विचारा: हिरडीची खोली मोजली का? एक्स-रेत हाड किती उरलंय? दात आडवा 1 मिलिमीटरपर्यंत हलत असेल, तर तो बहुतेकदा वाचवता येतो. त्याहून जास्त हलत असला तरी प्रयत्न करण्यासारखा असू शकतो. वर-खाली दबणारा दात मात्र बहुधा काढावा लागतो.

वाचवण्याची वाट अशी असते. आधी दात आणि हिरडीखालची मुळं साफ करायची. काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. खोली कमी झाली नसेल तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करायची. हाडातला खड्डा योग्य आकाराचा असेल तर तिथे हाडाची भर घालता येते. चावताना त्रास देणारा हलता दात शेजारच्या दातांना बांधता येतो. पण नुसतं बांधून ठेवलं आणि संसर्ग तसाच राहिला, तर उपयोग नाही. गेलेलं हाड सहसा आपोआप परत येत नाही. उरलेलं टिकवणं हाच खरा उपचार आहे. आणि इम्प्लांटला हा आजार होत नाही असं समजू नका. त्याभोवतीचं हाडही असंच झिजतं. ज्याने खरे दात सांभाळले नाहीत, त्याचे बसवलेलेही टिकणं कठीण.

म्हणून आज रात्री ब्रश करून थुंकताना बेसिनमध्ये बघा. लालसर दिसलं, तर दात हलायची वाट बघू नका. या आठवड्यात दाखवून घ्या. काकूंचं ऐकून थांबलात, तर पुढच्या वेळी आम्ही दात साफ करायला नाही, काढायला बसू.