मावशीची सही

गणपतीला मामाकडे सगळे जमलो होतो. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि मामेभावाने जुना विषय उकरून काढला. "दादा, तेव्हा तुम्ही लोकांनी फ्री बेसिक्सच्या नावाने उगाच बोंब मारलीत. गरिबाला चार साइट फुकट मिळत होत्या, तुमच्या पोटात का दुखलं?" दहा वर्षं होऊन गेली या गोष्टीला. एरवी मी तुटून पडलो असतो. पण मावशी समोरच बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि मी बडीशेप चघळत गप्प बसलो. मावशी हे वाचते, मामेभाऊही वाचतो (वाचतो असं म्हणतो तरी), तेव्हा तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग २०१३ साली सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आलं. (म्हणजे धाकट्या अंबानींची कंपनी, जिओ नव्हे.) त्या सिमवर ठरावीक साइट फुकट उघडायच्या, बाकीचं इंटरनेट हवं असेल तर पैसे टाका. आत कोणाला घ्यायचं याच्या अटी फेसबुकच्या. डेटाचा खर्च मात्र मोबाइल कंपनीने सोसायचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय! सप्टेंबर २०१५ मध्ये याचंच नाव फ्री बेसिक्स झालं.

डिसेंबरमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक चर्चापत्र काढलं. वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर लावायची मुभा मोबाइल कंपन्यांना द्यावी का, असा विषय. महापालिका रस्ता रुंद करायच्या आधी हरकती-सूचना मागवते ना, तसाच प्रकार. चार प्रश्न होते आणि कोणीही उत्तरं पाठवू शकत होतं.

आणि एके दिवशी माझ्या फेसबुकवर मावशीचं नाव झळकलं. तिने फ्री बेसिक्सच्या बाजूने ट्रायला निरोप पाठवला आहे, तुम्हीही पाठवा.

आता आमची मावशी म्हणजे तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली बाई. सोसायटीच्या मिनिट्सवरसुद्धा चष्मा लावून, दोनदा वाचून सही करणारी. मी फोन केला. तिने शांतपणे सांगितलं, "गरिबांना इंटरनेट मिळावं असं मला वाटतं, म्हणून पाठवलं. यात चूक काय?" आणि मी काय करावं? मी तिच्यावर ओरडलो. "एवढी शिकलेली तू, कंपनीची हमाली कशाला करतेस?" असं काहीतरी बोललो. मावशी त्यानंतर संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने. गरिबांना इंटरनेट मिळावं हे तिचं मत होतं, तिचं स्वतःचं होतं, आणि चांगलंच होतं. मला राग यायला हवा होता तो दुसरीकडे.

तो कुठे, ते सांगतो. ट्रायचे चार प्रश्न मी नंतर नीट वाचले. पहिला, वेगळे दर लावू द्यावेत का. दुसरा, द्यायचे तर भेदभाव होऊ नये म्हणून काय करावं. चौथा, आणखी काही सुचवायचं आहे का. आणि तिसरा असा, की लोकांना फुकट इंटरनेट द्यायचं तर वेगळ्या दरांशिवाय दुसरा काही मार्ग आहे का? हा तिसरा प्रश्न म्हणजे अगदी मावशीचाच प्रश्न! गरिबाला इंटरनेट कसं द्यायचं हेच तर सरकारी यंत्रणा तिला विचारत होती. आणि त्याला उत्तरंही होती. त्याच वर्षी बांगलादेशात मोझिला आणि ग्रामीणफोनने अशी सोय केली होती की एक छोटी जाहिरात बघा आणि २० एमबी डेटा घ्या. मग तुम्हाला वाटेल ती साइट बघा, आम्ही ठरवणार नाही. तीस वर्षं सरकारी फायली हाताळलेल्या बाईला यावर चार ओळी लिहिणं काय कठीण होतं?

पण फेसबुकने लोकांपुढे जो तयार मजकूर ठेवला त्यात या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. नुसतं "माझा फ्री बेसिक्सला पाठिंबा आहे" हे पाल्हाळ लावून लिहिलेलं. ट्रायकडे एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले आणि त्यातले जवळजवळ १९ लाख हे असे, एका छापाचे. ट्रायने फेसबुकला कळवलं की बाबांनो, आमचे प्रश्न लोकांपर्यंत पोचवा. पत्रापत्री झाली. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने सुनावलं की माहिती घेऊन निर्णय करायच्या प्रक्रियेला तुम्ही घडवून आणलेल्या, ढोबळ बहुमताच्या मतचाचणीचं रूप देता आहात. सरकारी पत्रात इतकं परखड मराठीतही कोणी लिहीत नाही. त्यात हा निरोप अमेरिकेतल्या काही मंडळींनाही गेला होता. तो म्हणे चुकून गेला!

मामेभाऊ आता म्हणेल, आणि त्या दिवशी म्हणालाच, की "एप्रिल २०१५ मध्ये तूसुद्धा तयार ई-मेलच पाठवलीस ना?" हो, पाठवली. ट्रायच्या आधीच्या चर्चापत्राला नेट न्यूट्रॅलिटीवाल्यांनी तयार करून दिलेली उत्तरं मीही जशीच्या तशी धाडली होती. दहा लाखांहून जास्त लोकांनी धाडली. ती सगळी मी वाचली होती का? खरं सांगतो, निम्मी. तेव्हा तयार मजकुरावरून मला मावशीला बोलायचा काडीचा अधिकार नव्हता.

तरीही फरक आहे, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे. एक तर त्या मेलमध्ये विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. पण ते सोडा. ज्यांनी ती लिहिली त्यांना माझ्यापर्यंत पोचायला इतरांसारखीच धडपड करावी लागली. भाषणं, लेख, विनोदी व्हिडिओ, काय काय केलं त्यांनी. माझी मावशी कोण, मामेभाऊ कोण, कोणाचं नाव दिसलं की मी थांबून बघतो, हे त्यांना माहीत नव्हतं. फेसबुकला माहीत होतं. कारण लग्नाचे फोटो, बारशाची आमंत्रणं, गावाकडच्या बातम्या, हे सगळं आम्हीच तिथे नेऊन ठेवलं होतं. पाराची जागा ज्याची, तोच वादातला एक पक्ष, आणि दवंडी पिटायचा ढोलही त्याच्याच हातात. विरुद्ध बाजूला तो ढोल एकदासुद्धा मिळाला नाही.

कंपनीने जाहिरात करू नये असं मी म्हणत नाही. त्यांनी वर्तमानपत्रांत पानंच्या पानं घेतली, खुशाल घ्यावीत. वर "जाहिरात" असं दिसतं, माणूस पान उलटतो. झुकेरबर्गने डिसेंबर २०१५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला, तोही स्वतःच्या नावाने. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला होता. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, यात इंटरनेटचं काय नुकसान झालं, असा सवाल. याला उत्तर देता येतं. भाव बघू दे की, पण कोणत्या साइटवर बघायचा हे लासलगावला कांदा नेणाऱ्याने ठरवावं. उद्या निफाडच्या एखाद्या पोराने भावाची बरी साइट काढली तर तिने आधी कॅलिफोर्नियाच्या अटी पाळायच्या का? हा वाद झाला, दोन माणसांमधला. मावशीच्या नावाने आलेल्या निरोपाशी मी वाद कसा घालणार? घातला तो मावशीशीच घातला. नेम धरणारा वेगळाच, खांदा तिचा, आणि मीही गोळी झाडली ती तिच्यावर!

असो. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले आणि तीनच दिवसांत फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा वाहू लागला, आणि फ्री बेसिक्स नसेल तर गरीब उपाशी राहील हे म्हणणंही वाहून गेलं. आम्ही जिंकलो म्हणून नाचलो. पुढे एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने त्याच जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, ४३,५७४ कोटी रुपयांना. तेव्हा नाचलेल्यांपैकी कोणी फारसं काही बोललं नाही. मीही नाही.

ट्रायने दर कसे असावेत ते ठरवलं. माझ्या नातेवाइकाचं नाव पुढे करून कंपनीने स्वतःच्या कामासाठी मला निरोप धाडावा की नाही, हा त्या आदेशाचा विषयच नव्हता. माझं मागणं साधं आहे. कंपनीला सरकारकडून काही हवं असेल तर तिने स्वतःच्या नावाने माझ्याकडे यावं, दारात उभं राहून सांगावं, आणि विरुद्ध बाजूलाही त्याच दारापर्यंत येऊ द्यावं.

मावशी, ते चार प्रश्न मी छापून घेतलेत, मोठ्या अक्षरात. रविवारी येतो. तिसऱ्याचं तुझं उत्तर काय असेल ते मला खरंच माहीत नाही, आणि ओरडणार नाही.