पेटीचा खालचा थर बघा!

कॅटचा सीझन आला की बी-स्कूलवाल्यांची इन्फर्मेशन सेशन्स सुरू! एसी हॉल, चकाचक स्लाइड्स आणि 'हायेस्ट पॅकेज'. पण ते पॅकेज एकाचंच. कर्जाचा हप्ता मात्र सगळ्यांनाच. आपल्या तुर्भ्याच्या फळबाजारात कोणी वरचा थर बघून हापूसची पेटी घेतं का? मग इथे मीडियन पगार विचारा, म्हणजे अर्ध्या मुलांना त्याहून कमी मिळतो तो आकडा. किती पास झाले, कितींना नोकरी लागली? २०१६पासून निघणाऱ्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजांचे हे आकडे वेबसाइटवर असतात. ते ताडून बघा. कॅम्पस बघायला गेलात तर गाईडला टाटा करून कॅन्टीनमध्ये सेकंड इयरवाल्यांशी बोला. लाजायचं कशाला? दोन वर्षं आपली, पैसे घरच्यांचे!